आउट स्कॅनच्या आधी

आमच्या हबवर सकाळचे सहा, सात, आठ वाजत नाहीत. घड्याळात वाजतात, पाठीत वाजतात, कागदावर मात्र नाही. कागदावर ड्रायव्हरचा दिवस सुरू होतो तो आउट स्कॅनला. गाडीत शेवटचं पार्सल चढलं, मशीनचा लाल ठिपका त्याच्यावर पडला, मोबाइलमध्ये 'आउट फॉर डिलिव्हरी' आलं, की तुम्ही कामावर हजर. बहुतेक दिवशी तोवर नऊ वाजत आलेले असतात आणि आमचा शर्ट एकदा भिजून वाळलेला असतो.

मी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात टेम्पो चालवतो. लोकांनी ऑनलाइन मागवलेला माल त्यांच्या दारात नेऊन द्यायचा, हा धंदा. पगार व्हेंडरचा, गाडी व्हेंडरच्या नावावर, शर्टावर नाव कंपनीचं. ग्राहकाला फक्त शर्ट दिसतो. त्याचं काही बिनसलं की तो कंपनीला शिव्या देतो, कंपनी व्हेंडरला दंड लावते आणि व्हेंडर तो आमच्या पगारातून कापतो. या साखळीत खालून वर जायला मात्र वाट नाही.

सकाळच्या त्या तासांत काय चालतं ते बाहेरच्याला ठाऊक नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. भिवंडीहून रात्री सुटलेला मोठा ट्रक पहाटे लागतो. गोण्या फोडून सॉर्टिंगच्या बायका आधी पिनकोडवार आणि मग रूटवार ढीग लावतात. आपल्या ढिगापुढे उकिडवं बसून ड्रायव्हर पत्ते वाचतो. ॲप क्रम लावून देतं, नाही असं नाही. पण मोशीतल्या अमुक सोसायटीचा वॉचमन अकराच्या आधी टेम्पो आत घेत नाही, किंवा कार्तिकी एकादशीच्या आठवड्यात आळंदीच्या बाजूला गाडी घातली की दिवस गेलाच, हे ॲपला काय माहीत? तेव्हा क्रम आपणच लावायचा आणि गाडीत तो उलटा भरायचा. शेवटी द्यायचं ते सगळ्यात आत, पहिलं द्यायचं ते दाराशी. जड खाली. तेलाचे डबे उभे, कारण आडवे टाकले की झाकणातून पाझरून शेजारच्या साड्यांची वाट लागते. मोबाइलची पाकिटं ड्रायव्हरच्या पाठीमागे, नजरेच्या टप्प्यात. भरताना हयगय झाली की दिवसभर प्रत्येक थांब्यावर निम्मी गाडी उपसत बसावं लागतं. दिवस धड जाणार की नाही हे चाक फिरायच्या आधी ठरतं, आणि नेमकी त्याच कामाला हजेरी नाही.

संध्याकाळीही हेच. शेवटचं पार्सल दिलं की ॲपच्या लेखी तुमचा दिवस संपला. पण हबवर परत यायचं असतं, कॅश भरायची असते, न दिलेली पार्सलं कारणं टाकून परत स्कॅन करायची असतात, ग्राहकांकडून उचललेला परतीचा माल उघडून दाखवायचा असतो. कॅशिअर एक आणि रांग सगळ्यांची. फाटकी नोट निघाली तर आपल्या खिशातून. एखादं पार्सल 'शॉर्ट' दाखवलं तर ते सापडेपर्यंत त्या रूटचा माणूस हलत नाही. आणि बऱ्याचदा ते सॉर्टिंगच्या टेबलाखालीच सापडतं.

सुपरवायझरला विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं: "दादा, सिस्टीममध्ये तुमचे आठच तास दिसतात." तो खोटं बोलत नव्हता. सिस्टीममध्ये बहुतेक दिवशी खरंच आठ किंवा नऊच दिसायचे. उरलेले आमच्या बायकामुलांना दिसायचे.

आमच्या बाजूनं पहिल्यांदा कायदा काढून दाखवला तो एका निवृत्त एसटी कंडक्टरनं. आकुर्डीत एका जुन्या जनरल कामगार युनियनचं ऑफिस आहे, तिथं ते सकाळ-संध्याकाळ बसतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आमच्यातला एकजण पीएफच्या कामासाठी त्यांच्याकडे गेला होता आणि बोलता बोलता कॅशच्या रांगेचं निघालं. अण्णांनी विचारलं, "भरणा ड्युटीत धरत नाहीत?" आम्हाला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "अरे, एसटीत कंडक्टरनं कॅश भरून सही केल्याशिवाय त्याची ड्युटी सुटत नाही. तुम्ही कुणाची कॅश भरता, सासऱ्याची?"

मग त्यांनी १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा काढला. पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या, भाड्यानं माल किंवा प्रवासी नेणाऱ्या धंद्याला तो लागू. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, त्यावर जे होईल त्याला दुप्पट दर. एवढं आम्हीही ऐकून होतो. ऐकलं नव्हतं ते व्याख्येचं कलम. कामाचे तास म्हणजे फक्त गाडी पळते तेवढा वेळ नाही. त्याला जोडून येणारं कामही त्यात धरायचं, आणि ते कोणतं हेही कायद्यानं मोजून सांगितलंय: हिशेब करणं, कॅश भरणं, रजिस्टरवर सह्या करणं, गाडी ताब्यात घेणं आणि जागेवर लावणं, गाडीत माल चढवणं-उतरवणं. अण्णा एकेक वाचत गेले आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. ज्या साली आमच्यातल्या कुणाचा जन्म झाला नव्हता, त्या साली दिल्लीत बसून कुणीतरी आमची सकाळ आणि संध्याकाळ लिहून ठेवली होती.

कायदा असणं वेगळं आणि तास सिद्ध करणं वेगळं. व्हेंडरकडे ॲपचा रेकॉर्ड. आमच्याकडे काय? "साहेब, रोज सहाला येतो" एवढं तोंडी.

इथं सॉर्टिंगमधल्या एका मावशींनी सूत्रं हातात घेतली. मावशी बारा-पंधरा वर्षं बचत गटाच्या सचिव. दर महिन्याला बँकेच्या माणसासमोर वह्या मांडायच्या, कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, कुणी सही केली, कुणी अंगठा दिला, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. पाच-सहा ड्रायव्हर आपापल्या मोबाइलमध्ये वेळा टिपतो म्हणाले, तर त्यांनी उडवूनच लावलं. "मोबाइलमधलं कोण मानंल? उद्या तुमी कायबी टाकाल. वही पायजे, पानांना आकडे पायजेत, आन् दुसऱ्याची सही पायजे." मग तशीच वही आली. प्रत्येकाच्या नावापुढे चार रकाने: हबवर आलो, आउट स्कॅन, शेवटची डिलिव्हरी, कॅश जमा. शेजारी दोन सह्या, एक स्वतःची आणि एक त्या वेळी जो बाजूला असेल त्याची. खाडाखोड केली तर तिथं पुन्हा दोघांची सही. गणवेशाच्या पिशवीत वही फिरायची. एका पानावरची एक ओळ अशी: ६.१०, ८.५०, ७.१५, ९.०५. दोन टोकांमधलं अंतर पंधरा तासांच्या जवळ, आणि ॲपमध्ये त्यातले मधलेच दोन आकडे.

युनियन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लाल झेंडा, घोषणा आणि गेट मीटिंग येते. या पट्ट्यातली म्हातारी माणसं तर युनियन म्हटलं की अजून टेल्कोचा १९८९ चा संप आणि शनिवारवाड्यावरचं उपोषण काढतात. आमच्या युनियनची पहिली कित्येक महिन्यांची कामगिरी म्हणजे ही वही. घोषणा एकही दिली नाही. अण्णांनी नवी युनियन काढूच दिली नाही. नोंदणी, घटना, निवडणूक यात वर्ष जाईल म्हणाले. जुन्या युनियनमध्येच आमची शाखा. वर्गणीची पावती फाडली की झालं.

पावती फाडायलाही लोक घाबरायचे, आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्याचं घर रोजच्या पगारावर चालतं त्याला 'उद्यापासून येऊ नको' या तीन शब्दांची किंमत बरोबर माहीत असते. व्हेंडरला नोटीस द्यावी लागत नाही, कारण तो काढत नाही. तो फक्त रूट देत नाही. सकाळी सहाला यायचं, दहापर्यंत बसायचं आणि 'आज गाडी कमी आहे' ऐकून घरी जायचं. असे चार दिवस काढले की माणूस आपणहून दुसरी नोकरी बघतो.

ओव्हरटाइमवरून आमच्यातच जे वाजलं ते मात्र मला अनपेक्षित होतं. एका मीटिंगमध्ये मी म्हणालो, आपली मागणी आठ तासांची. लगेच मागून एक पोरगा उठला. लग्नाला वर्ष झालेलं, चाकणला खोली, बाइकचा हप्ता. "काका, आठ तासांवर आणलंत तर माझा हप्ता कोण भरणार? मला बारा तास चालतील. बाराचे पैसे द्या म्हणा." निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. पंचेचाळिशीच्या माणसाला तास कमी हवेत, पंचविशीच्याला पैसे जास्त, आणि दोघांची मागणी एकाच कागदावर लिहायची. मला त्या पोराचं पूर्ण पटत नाही, आजही. रात्री नऊनंतर पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरीच्या पुढं जड गाड्यांच्या रांगेत टेम्पो चालवताना डोळ्यांना काय होतं हे पंचविशीत कळत नाही. पण त्याला बारा तास काम करावं लागतं कारण आठ तासांच्या पगारात त्याचं भागत नाही, हे त्याचं गणित चूक म्हणता येत नाही. शेवटी मागणी लिहिली ती अशी: सगळे तास मोजा, आठच्या वरच्यांना दुप्पट द्या, आणि नको म्हणणाऱ्यावर सक्ती नको. दुप्पट द्यायची वेळ आली की व्हेंडर आपोआप तास आवरता घेईल, असं अण्णांचं म्हणणं. बऱ्याच अंशी ते खरं ठरलं.

नवरात्र ते दिवाळी हे आमचे सुगीचे दिवस. सेल लागतात, ढीग छातीपर्यंत येतात, साप्ताहिक सुट्टी रद्द. त्या महिन्याची पगारस्लिप बघण्यासारखी असते. बेसिक, घरभाडं, मग 'ओव्हरटाइम' असा छापील रकाना आणि त्यापुढे शून्य. खाली 'इन्सेंटिव्ह' म्हणून एक रक्कम. दिसायला बरी, हातात आली की आनंदच होतो. पण ती पार्सलच्या संख्येवर काढलेली, तासांवर नाही. दुप्पट दराशी तिचा संबंध नाही, आणि पीएफच्या हिशेबात ती धरलेली नाही. पुढच्या महिन्यात सेल संपला की तीही संपली. कायद्यानं देणं लागत होतं ते बक्षीस म्हणून द्यायचं आणि वर मिठाईचा पुडा. दिवाळीत कुणाला भांडावंसं वाटतं?

पगारवाढीची तर वेगळीच कथा. आमच्या पगारात वाढ होत नाही असं म्हटलं की सुपरवायझर मागच्या दोन वर्षांच्या स्लिपा काढून दाखवायचा: हे बघा, वाढलाय. वाढला होता तो किमान वेतनातला विशेष भत्ता. महाराष्ट्रात तो महागाईनुसार दर जानेवारीत आणि जुलैत बदलतो आणि सगळ्यांनाच मिळतो. काल लागलेल्यालाही आणि दहा वर्षं घासलेल्यालाही. महागाई जितकी पुढं गेली तितकंच त्यानं आपल्याला पुढं ढकललेलं असतं. ज्याला रूटमधली प्रत्येक बेल कुठं लागते ते माहीत आहे आणि ज्याला मॅप लावूनही चऱ्होली सापडत नाही, दोघांच्या हातात एकच रक्कम.

त्यातही आम्हाला अर्धकुशल दाखवलेलं. कारण काय, तर आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या लायसनवर हलक्या वाहनाचाच शिक्का, मालवाहू गाडीची वेगळी नोंद नाही. "बॅज नाही तर तुम्ही पूर्ण ड्रायव्हर कसे?" हे ऐकून घ्यायचं आणि लगेच त्याच टेम्पोची किल्ली घ्यायची. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली आणि मग ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानंही सांगितलं की हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, वेगळ्या नोंदीची गरज नाही. वाद विम्याच्या भरपाईचा होता, पगाराचा नव्हता. पण आमच्यावरचं ते शस्त्र बोथट झालं. निकालाची मराठी पेपरातली बातमी कापून आम्ही नोटीस बोर्डावर लावली. ती दुपारपर्यंत गायब झाली, पण वाचून झाली होती.

खरी गोम मात्र वेगळीच होती. कंपनी दर वर्ष-दोन वर्षांनी व्हेंडर बदलते. गाड्यांवरचं स्टिकर बदलतं, सुपरवायझरही बहुधा तोच राहतो, आम्हीही तेच, रूटही तेच. पण नवा व्हेंडर आला की आम्ही नवीन. रुजू होण्याची तारीख नवी, ओळखपत्र नवं, प्रोबेशन नवं. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सलग लागायची. आमची दोन वर्षंसुद्धा सलग होत नव्हती. नोकरीला लागून केस पांढरे झाले तरी कागदावर मी कायम शिकाऊच.

हे मला जास्त टोचायचं कारण माझे वडील. ते गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हमाल होते, बाबा आढावांच्या हमाल पंचायतीतले. दोन यत्ता शिकलेले, पण त्यांची एक नोंद अशी होती की ती कुणाला पुसता आली नाही. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं होतं, त्या रेट्यातून. त्याची रचना साधी आणि मोठी अक्कलहुशारीची आहे. व्यापाऱ्याची नोंद माथाडी मंडळाकडे, हमालांच्या टोळीची नोंदही मंडळाकडे. व्यापाऱ्यानं मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळ हमालाला पैसे देणार, आणि लेव्हीतून त्याचा फंड, बोनस, रजा, ग्रॅच्युइटी. हमाल आज या गाळ्यावर असो की उद्या त्या, त्याचा मालक कोण यावर कुणाला भांडत बसावं लागत नाही. वडिलांच्या टोळीचा एक व्यापारी धंदा गुंडाळून गेला, दुसऱ्यानं गाळा विकला. वडिलांच्या नोकरीत त्यानं एका दिवसाचाही खंड पडला नाही. पाठीवरचं पोतं बदललं, नंबर तोच.

माथाडीतही पुढं खोट शिरली, बोगस टोळ्या आल्या, खंडणीचे प्रकार झाले. उद्योजक तक्रार करतात ती सगळीच खोटी नाही. पण एक मालक नसलेल्या माणसाची नोकरी कागदावर सलग कशी ठेवायची, हा प्रश्न याच राज्यात पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी सुटलेला आहे, आणि तो सोडवला तो निरक्षर हमालांनी. मी बारावी झालो, हातात स्मार्टफोन आहे, माझी प्रत्येक सेकंदाची जागा कंपनीला दिसते, तरी माझी मागची वर्षं कुठंच नाहीत. वडील हे ऐकून फक्त विचारायचे, "लेव्ही कोण भरतं तुमची?" ८ डिसेंबर २०२५ ला बाबा आढाव गेले, तेव्हा आमच्या ग्रुपवर त्यांचा फोटो फिरला. नव्या पोरांपैकी बऱ्याच जणांना ते कोण हे सांगावं लागलं.

राजस्थाननं २०२३ मध्ये आणि कर्नाटकनं २०२५ मध्ये ॲपवर काम करणाऱ्यांसाठी जे कायदे केले, ते वाचताना मला वडिलांचं मंडळच दिसतं: कामगाराची नोंद मंडळाकडे आणि प्रत्येक व्यवहारामागे कंपनीकडून शुल्क. माथाडी कायदा ज्या राज्यानं देशाला दाखवला, त्यातला ड्रायव्हर आज जयपूर आणि बंगळुरूकडे बघतोय. याला काय म्हणावं?

मधेच एकदा ग्रुपवर एक रील आलं. अमेरिकेतल्या तपकिरी गाड्यांच्या कंपनीतल्या ड्रायव्हरला वर्षाला १ लाख ७० हजार डॉलर मिळणार म्हणे. पोरांनी लगेच रुपयांत गुणून टाकलं आणि दिवसभर त्याचीच चर्चा. आकडा हवेतला नव्हता. २०२३ च्या करारानंतर कंपनीच्या प्रमुखांनीच तो सांगितला होता. फक्त तो कराराच्या शेवटी, पगार आणि इतर सगळे लाभ धरून. तिथं साडेतीन लाखांच्या आसपास कामगार टीमस्टर्स युनियनखाली आहेत आणि संपाच्या उंबरठ्यावर येऊन तो करार झाला. मला डॉलरपेक्षा दुसऱ्या दोन गोष्टींनी धरून ठेवलं. एक, पूर्णवेळ ड्रायव्हर चार वर्षांत वरच्या दराला पोचतो, आणि ती पायरी करारात लिहिलेली. दुसरी, रोज साडेनऊ तासांच्या वर काम नको असणाऱ्यांसाठी एक यादी असते. तिच्यात नाव घातलं आणि तरी वारंवार जास्त राबवलं, तर दंड कंपनीला. म्हणजे पंचविशीचा आणि पंचेचाळिशीचा, आमच्यासारखाच वाद तिथंही असणार, आणि त्यांनी तो कागदावर आणून सोडवला. आमच्या त्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे मी यादीत नाव नाही घालायचं, तुम्ही घालायचं. मग मिटलं की." खरंच मिटलं.

वही भरत गेली तशी प्रत युनियनमार्फत कामगार उपायुक्त कार्यालयात गेली. सुनावणीला व्हेंडरचा माणूस लॅपटॉप घेऊन आला, ॲपचे तक्ते दाखवले आणि म्हणाला, ही वही यांनी घरी बसून लिहिलेली आहे. अधिकाऱ्यांनी वही उलटसुलट करून बघितली, पानांचे आकडे बघितले, सह्या बघितल्या. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला: गेटवर रजिस्टर असतं का? असतं. सिक्युरिटीवाला प्रत्येक गाडीचा नंबर आणि येण्याजाण्याची वेळ लिहितो, चोरीच्या भीतीपोटी, कंपनीच्याच हुकमानं. ते मागवलं. रात्री गाडी आत आल्याची वेळ त्यात होती, आणि ती आमच्या तिसऱ्या-चौथ्या रकान्यांच्या बरोबर मधे पडत होती. सकाळी पायी गेटातून शिरणाऱ्यांचंही वेगळं रजिस्टर निघालं. माणसांसाठी ठेवलेला हिशेब ॲपमध्ये नव्हता. मालाच्या राखणीसाठी गेटवर ठेवलेला होता, आणि तोच आमच्या कामी आला.

पूर्ण जिंकलो असं मी म्हणणार नाही. तडजोड झाली. मागची थकबाकी म्हणून एकरकमी पैसे मिळाले, आमच्या हिशेबापेक्षा बरेच कमी. सकाळचे तास सातपासून धरायचे ठरले, सहापासून नाही. त्यावर मी अजून नाराज आहे. कॅशची वेळ मात्र पूर्ण धरली, आणि गंमत अशी की ती धरल्याबरोबर दुसरा कॅशिअर आला. रांग पंधरा-वीस मिनिटांत संपायला लागली. इतकी वर्षं जे 'शक्यच नाही' होतं ते एका आठवड्यात झालं.

या सगळ्यात बाइकवाले मात्र बाहेर राहिले. आमच्याच हबवरून, आमच्याच शेजारच्या ढिगातून माल नेणारी पोरं. पण ती पार्सलवारी, ॲपवर लॉगिन करून. ती कामगार नाहीत, 'पार्टनर' आहेत. स्वतःचा टेम्पो कर्जावर घेऊन लावणारे 'अटॅच'वाले तिसरेच. त्यांच्या लेखी ते मालक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९६१ चा आमचा कायदा त्यांत गेला. जादा कामाला दुप्पट दर राहिला. सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवरच्या कामगारांचं नाव पहिल्यांदा आलं. कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के त्यांच्या निधीत भरायचे, पण त्या कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतच. हे चांगलं आहे. पण निधी म्हणजे विमा, अपघात, म्हातारपण. किमान वेतन, तास आणि ओव्हरटाइम त्यात नाही. नीती आयोगानं २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली अशी ७७ लाख माणसं असल्याचं म्हटलं आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज दिला. म्हणजे उद्या पगारी ड्रायव्हर कमी होणार आणि पार्टनर वाढणार. आमचा दुप्पट दर जितका महाग पडेल तितकी कंपनीला बाइकवाल्याची ओढ वाटणार. त्यांना युनियनमध्ये घ्यायचं की नाही यावर आमच्याकडे दोन तट आहेत. मी घ्या म्हणणाऱ्यांतला. वह्या आम्हाला शिकवणाऱ्या मावशी तरी कुठं ड्रायव्हर होत्या?

यंदा पुन्हा व्हेंडर बदलला. बदलायच्या आठवड्यात काही पोरांनी टूम काढली, सगळ्यांनी एकाच दिवशी आजारी पडायचं. अण्णांनी तिथल्या तिथं बसवलं. नव्या संहितेत निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एका दिवशी किरकोळ रजा टाकली की तो संपच धरतात, आणि संपाला चौदा दिवसांची नोटीस लागते. "बेकायदा संपाचा शिक्का आयता कशाला देता?" २०२१-२२ च्या एसटी संपात विलीनीकरणासाठी महिनोन्‌महिने डेपोबाहेर बसलेले आणि विलीनीकरणाशिवाय परतलेले सहकारी त्यांनी बघितलेत. संप हा शब्द ते जपून वापरतात.

त्याऐवजी आम्ही कागद काढला. प्रत्येकाचा पीएफचा यूएएन नंबर एकच असतो, मालक किती का बदलेनात. पासबुक उघडलं की एकाखाली एक व्हेंडरची नावं आणि महिने दिसतात. काही महिने रिकामे, कापून न भरलेले, तो तंटा वेगळा चालू आहे. पण त्याच हबवर सलग कामाला असल्याचा पुरावा त्याच्याइतका पक्का दुसरा नाही. सगळ्यांच्या पासबुकांच्या प्रती जोडून अर्ज दिला: आम्हाला जुन्या तारखेपासून धरा, ज्येष्ठतेप्रमाणे तीन टप्प्यांत दर द्या. नव्या संहितेप्रमाणे नेमणूकपत्र देणं सक्तीचं, म्हणून या व्हेंडरनं पहिल्यांदाच ती छापून आणली. चांगल्या जाड कागदावर. तास लिहिलेत, दुप्पट दर लिहिलाय, रुजू होण्याची तारीख मात्र नवी.

सह्या आम्ही केलेल्या नाहीत. सुपरवायझर रोज सकाळी लोडिंगच्या वेळी येऊन विचारतो, "पत्रं कधी देताय?" आम्ही सांगतो, तारीख बदलून आणा. तो म्हणतो ते माझ्या हातात नाही, आणि ते खरं आहे. पुढची सुनावणी लागायची आहे. तोवर वही चालू आहे. नवीन आणली, तिच्यात बाइकवाल्यांसाठी एक रकाना मावशींनी आखून ठेवलाय.